जुनी जिप्सी किंग ठाण्याच्या पावसात: इंजिन स्वस्त, गंज महाग

गाडी मारुतीची फोर व्हील ड्राइव्ह जिप्सी किंग, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) इंजिनाची, सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छताची. एक अख्खा पावसाळा धरून बरेच महिने घोडबंदर रोड, ऐरोली पूल आणि ठाणे-बेलापूर रस्ता असा वापर, मधूनमधून मुरबाड-माळशेजकडचे कच्चे रस्ते. जुनी जिप्सी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो आणि इंजिन ऐकत उभा राहतो. या गाडीत ते सगळ्यात शेवटी ऐकलं तरी चालेल.

१२९८ सीसीचं हे जी१३बीबी इंजिन एस्टीमच्या घराण्यातलं. सुटे भाग सहज मिळतात आणि हे इंजिन न उघडलेला जुना मेकॅनिक शोधूनही सापडणार नाही. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं. त्याच वेळी टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप आणि पुढचं ऑइल सील उरकून घ्यायचं, म्हणजे दुहेरी मजुरी वाचते. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) मात्र जागेवर आहे ना हे बघा. गाडी गरम होते म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे वाईट खोड आहे. मग इंजिन नीट तापत नाही, सेन्सर 'अजून थंड आहे' असं सांगत राहतो, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो आणि मालक अॅव्हरेज नाही म्हणून इंजेक्टर साफ करत बसतो. मूळ दुखणं बहुधा चोंदलेल्या रेडिएटरचं असतं.

यांत्रिक भागांत खरा खर्च पुढच्या अॅक्सलला. चाकाच्या आतल्या बाजूला गोल नकल (स्टिअरिंगबरोबर चाक वळवणारा सांधा) असतो, त्यात ग्रीस. अॅक्सलचं आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं (अॅक्सलमधल्या गिअरपेटीचं) तेल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ होतं आणि टायरच्या आतल्या अंगाला काळे ओघळ दिसतात. गाडी बघताना नकलच्या गोळ्यावरून बोट फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवीन सीलही लवकर फाटणार, कारण खडबडीत गोळा त्याला प्रत्येक वळणावर घासतो.

किंग पिन म्हणजे नकल ज्यावर वळतो ती पिन, तिच्या बेअरिंगची तपासणी सोपी आहे. पुढचं एक चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल. राहिला तर किंग पिन. ५०-६० च्या वेगाला खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग अंगात आल्यासारखं थरथरतं, त्यामागे बरेचदा हेच असतं. अशा वेळी स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर) बदलून दिला की थरथर काही दिवस झाकली जाते, बेअरिंग मात्र झिजतच राहतं. नवीन बेअरिंग टाकताना शिमने (पातळ चकत्यांनी) ताण बसवावा लागतो. सील न लावता, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढल्यावर साधारण १ ते १.८ किलोला नकल फिरला पाहिजे. काटा न लावता 'हाताने बरोबर वाटतंय' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

अॅक्सलचा ब्रीदर (हवा आतबाहेर जाऊ देणारी नळी) चिखलाने बुजला की आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. आणि तापलेला अॅक्सल तुंबलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधूनच पाणी ओढून घेते. गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट जरा सैल करून बघा. तेल दुधाळ आलं तर लगेच बदला. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंचावर नेणं हे या गाडीवरचं सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी काम.

तेलाचा हिशोब असा: गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) ०.८, पुढचा डिफरन्शियल २, मागचा १.५. एकूण ५.६ लिटर. गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९० जीएल-४, डिफरन्शियलला जीएल-५ (हे गिअर ऑइलचे दर्जे). सगळीकडे एकच डबा ओतू देऊ नका, गिअर सहज पडू देणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना जीएल-५ मानवत नाही.

ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. माउंटिंग फाटलं की क्लच सोडताना खालून धक्का बसतो आणि लिव्हर थरथरतो. 'टक्' असा स्पष्ट आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, बघा. दर ५,००० किलोमीटरला आणि पाण्यातून गेल्यावर लगेच, निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरायचं. फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर लावू नका. मध्ये सेंटर डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा फरक शाफ्टवर ताण म्हणून साठतो. महिन्यातून एकदा मोकळ्या मातीवर हब लॉक करून (पुढची चाकं अॅक्सलला जोडून) थोडं चालवा, तेवढ्याने आत तेल फिरतं.

आता गंज. खाडीचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस या पत्र्याला झेपत नाही. पायाखालची मॅट उचला, विंडस्क्रीन फ्रेमचा खालचा काठ बघा, बॉडी माउंट बघा आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) शॅकल, म्हणजे टांगणीच्या कड्या, जिथे चेसिसला बसतात तिथे स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकून बघा. भरीव आवाज हवा, भद्द नको. चेसिसच्या पोकळीतला चिखल भोकं बुजवतो आणि पत्रा आतून सडतो, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर ती भोकं गोड्या पाण्याने धुवायची. विकायला काढलेल्या गाडीखाली चकचकीत काळं अंडरकोटिंग दिसलं की माझा तरी त्या गाडीतला रस संपतो. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं. आणि अलिबाग-काशिदच्या वाळूत नेलेली गाडी त्याच संध्याकाळी खालून धुतली नाही, तर वर सांगितलेलं सगळं व्यर्थ.

पेट्रोल: शहरात लिटरला ९, हायवेला ७०-८० च्या संथ वेगाने ११. लिटरला १०४ रुपये धरले तर शहरात किलोमीटरला साडेअकरा रुपये. टाकी ४० लिटरची, म्हणजे पंपावर ओळख होते. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या फुगतात, भेगाळतात आणि टाकीतला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या टाका, आणि त्यानंतर लवकरच फिल्टर बदला. मूळ टायर २०५/७० आर१५. त्याहून मोठे लावले की अॅव्हरेज आणि पिकअप दोन्ही बसतात. मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल नाही, ऐरोलीकरांना तेवढाच दिलासा.

विमा थर्ड पार्टीच घ्यायचा तर १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते: फी ५,००० रुपये, वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००, हरित कर वेगळा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) ७४५ अधिक जीएसटी. दिल्लीकडच्या जिप्सीचा पत्रा इथल्यापेक्षा कोरडा असतो हे खरं, पण एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किमतीत धरूनच भाव करा. एमएच ०४ किंवा ४३ चा नंबर पडेपर्यंत पूर्ण पैसे हातातून सोडू नका.