बागेचे व्हिडिओ टाकायचे कुठे: यूट्यूब की फेसबुक?

तासगावच्या मावसभावाने द्राक्षबागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाल्यावर मांडवाच्या तारेला मोबाईल अडकवला आणि डोळे फुटावेत म्हणून काडीवर पेस्ट लावतानाचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ काढला. कापडाचा बोळा, काडी, एकेक डोळा, सगळं स्वच्छ दिसतंय. आता विचारतोय, टाकू कुठं?

पैशाचा हिशेब यूट्यूबवर उघड आहे. १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघणं झालं, की जाहिरातीत वाटा मागता येतो. म्हणजे हा व्हिडिओ शेवटपर्यंत जवळपास २२ हजार वेळा बघितला गेला पाहिजे. वेळ लागतो, खोटं कशाला बोला. पण त्यानंतर त्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के आपले. बेदाण्याच्या सौद्यासारखं, आपल्या मालाला आपला दर.

शॉर्ट्सचं, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचं, तसं नाही. तिथं सगळ्यांच्या जाहिरातीचा पैसा एका हौदात पडतो, त्यातून गाणेवाल्यांचा हिस्सा निघतो, उरलेला व्ह्यूजप्रमाणे वाटतात आणि त्यातले ४५ टक्के हातात येतात. तुम्ही गाणं लावा नाहीतर लावू नका, टक्का तोच. शिवाय शॉर्ट्स फीडमधलं बघणं त्या ४,००० तासांत धरत नाहीत.

फेसबुकने २०२४ मध्ये आपल्या वेगवेगळ्या योजना एकत्र करायला घेतल्या. रील, व्हिडिओ, फोटो, सगळ्यांचे पैसे कामगिरीवर. कामगिरी म्हणजे नक्की किती, हे आधी कागदावर मांडता येत नाही. मला हे पटत नाही.

माणसं सांभाळायची म्हटली तर मात्र फेसबुक उजवं. ग्रुप आपला, नियम आपले, ॲडमिनही आपल्यातलेच. वेलीवर डाउनी (बुरशीचा रोग) आली की पानाचा फोटो टाकून रात्री अकराला उत्तर मिळतं. यूट्यूबवर कमेंट अडवता येतात, शब्द ब्लॉक करता येतात, पण शेतकऱ्यांची आपापसातली चर्चा तिथं रंगत नाही. यूट्यूबचे नियम मोडल्यास आधी ताकीद, मग स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर ठपका. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल बंद. दुसऱ्याचं गाणं सापडलं तर दरवेळी स्ट्राइक बसत नाही, बऱ्याचदा त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळते.

म्हणून त्याला सांगितलं, पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर टाक, लिंक ग्रुपवर दे. फक्त मागे ट्रॅक्टरवर गाणं वाजतंय, ते आधी काढ.