प्रोटीनएमपीएनएन: काम चोख, पण धातू दिसत नाही

अमिनो आम्लांच्या साखळीवरून प्रथिनाचा आकार सांगणाऱ्या आल्फाफोल्डचा बोलबाला झाला. हवा तो आकार हाती असताना त्यात बसेल असा क्रम शोधणारे प्रोटीनएमपीएनएन मात्र प्रयोगशाळांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही संगणक प्रणाली मोफत आणि खुली आहे.

पीडीबी फाइल (प्रथिनातील अणूंच्या जागा नोंदवणारी फाइल) दिली की प्रणाली प्रथिनाचा कणा, म्हणजे मुख्य साखळी, तेवढा पाहते आणि प्रत्येक स्थानाच्या ४८ शेजाऱ्यांच्या अंतरांवरून तेथे कोणते अमिनो आम्ल शोभेल ते ठरवते. स्थाने कोणत्याही क्रमाने भरता येत असल्यामुळे मधलीच काही कायम ठेवून उरलेली नव्याने भरून घेता येतात, ही मला तिची सर्वांत मोलाची सोय वाटते. मूळ क्रमाशी जुळण्याचे तिचे प्रमाण ५२.४ टक्के, तर त्याच चाचणीत रोझेटा या त्याच कामाच्या जुन्या प्रणालीचे ३२.९ टक्के होते. (बावन्न टक्के म्हणजे काठावर पास असे समजू नये, एकच घडी (प्रथिनाचा आकार) निसर्गही निरनिराळ्या क्रमांनी साधतो.)

जस्ताला चार सिस्टीनांनी (सिस्टीन हे एक अमिनो आम्ल) धरून ठेवणारे एक छोटे प्रथिन मी तिच्याकडे सोपवले. प्रणालीचे हे मूळ रूप धातूचे अणू विचारात घेत नाही, म्हणून ते चारही सिस्टीन कायम ठेवण्याची सूचना मी आठवणीने दिली. तरीही हाती आलेल्या क्रमांत त्यांतले दोन गायब होते आणि प्रणालीने क्रमाला दिलेला गुणांक मात्र उत्तम होता. चूक माझीच होती. येथे स्थाने साखळीच्या आरंभापासून १, २, ३ अशी मोजली जातात, आणि माझी फाइल ५ पासून सुरू होत असल्याने पीडीबीतला १२ वा घटक येथे ८ वा ठरत होता.

त्याच गटाचे पुढचे लिगँडएमपीएनएन धातू व लहान रेणू विचारात घेते आणि पीडीबीतलेच क्रमांक स्वीकारते. साध्या घडीसाठी मी आजही जुनेच रूप ०.१ तापमानावर (निवडीत यादृच्छिकता किती ठेवायची ते ठरवणारा आकडा) चालवतो. जस्त, लोह किंवा एखादे औषध धरणाऱ्या प्रथिनासाठी मात्र थेट नव्याकडे वळतो, आणि त्या क्रमाचे जनुक बनवून मागवण्यापूर्वी प्रत्येक क्रम आल्फाफोल्डकडून तपासून घेतो.