बिलात नवं मेकॅट्रॉनिक, गाडीत जुनंच: डीएसजी गिअरबॉक्सवाल्यांनी एकदा वाचाच

डीएसजी नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची २०१५ ची गाडी, ऐंशी-ब्याऐंशी हजार किलोमीटर झालेले, वॉरंटी केव्हाच संपलेली. पुण्यात नवले पुलाच्या रांगेत ती बंद पडली. इंजिन चालू, पण डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकताहेत, सोबत पान्याचं चिन्ह, आणि डी टाका नाहीतर आर, गाडी जागची हलत नाही. टो करून वर्कशॉपमध्ये नेली. तासाभरात निकाल आला, 'मेकॅट्रॉनिक (म्हणजे गिअर बदलणारं युनिट) गेलं, क्लचही संपलाय.' अंदाजपत्रक साडेतीन लाखांचं. बरीच घासाघीस झाल्यावर क्लच वगळला आणि मालकाने २,५५,००० रुपये भरले. चार महिन्यांनी गाडी तशीच उभी राहिली, तोच फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक. मग दुसऱ्या मेकॅनिकने युनिट उघडलं आणि पहिल्या बिलातलं जवळजवळ काहीच गाडीत बसलेलं नाही, हे उघड झालं.

हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण म्हणजे असे गिअरबॉक्स असलेल्या हजारो गाड्या आता वॉरंटीबाहेर आहेत, आणि गंडवण्याची पद्धत सगळीकडे साधारण हीच असते.

आधी गिअरबॉक्सबद्दल. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे डीक्यू२००. पोलो जीटी टीएसआय, व्हेंटो, रॅपिड डिझेल ऑटोमॅटिक, ऑक्टाव्हिया १.८ अशा कितीतरी गाड्यांत तो आला, आणि यातल्या पोलो-व्हेंटो तर आपल्या चाकणलाच बनायच्या. यात दोन क्लच असतात: एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. ते दाबणारं, गिअर बदलणारं जे युनिट गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला बसतं, ते मेकॅट्रॉनिक. त्यात तेलाचा पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, सगळं एकत्र. हा कॉम्प्युटर मेकॅट्रॉनिकचाच भाग आहे, एवढं ध्यानात ठेवा.

याचे दोष जगजाहीर आहेत. २०१२ मध्ये चीनमध्ये कंपनीने या गिअरबॉक्सची वॉरंटी १० वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवली. मार्च २०१३ मध्ये तिथेच ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांत सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल ऑइल भरायची मोहीम निघाली. तेव्हा 'तुम्ही गाडी नीट चालवत नाही' हे वाक्य काउंटरवर ऐकावं लागलं तर मुकाट मान डोलवायची गरज नाही.

सगळ्यात जास्त बिघडतो तो दाबाचा भाग. पंप तेलाचा दाब साधारण ४० ते ६० बारपर्यंत नेतो आणि तो दाब अ‍ॅक्युम्युलेटर नावाच्या छोट्या डब्यात साठतो. हा डबा अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये आट्यांवर बसवलेला असतो. दाब दिवसभर चढत-उतरत राहतो, आणि काही वर्षांनी आट्यांभोवतीच्या पातळ भिंतीला केसासारखा तडा जातो. तेल झिरपतं, दाब टिकत नाही, पंप सारखा चालू होतो. शेवटी कॉम्प्युटर पंप जळू नये म्हणून सगळं बंद करतो. तेव्हा येणारा कोड बहुतेक वेळा पी१७बीएफ, कधी पी१८९सी. गाडी अर्धा तास थांबवली की पुन्हा चालते, दोन दिवसांनी परत तेच. क्वचित कॉम्प्युटरच्या बोर्डावरची पंपाला वीज देणारी पट्टी जळालेली असते, तेव्हाही लक्षणं अगदी सारखीच दिसतात. म्हणूनच नुसता कोड बघून 'अख्खं युनिट गेलं' म्हणणारा एक तर अडाणी असतो किंवा लबाड.

तडा गेलेलं हाउसिंग बदलता येतं. जाड भिंतीचं सुधारित हाउसिंग, नवा अ‍ॅक्युम्युलेटर, गॅस्केट आणि ताजं तेल असा संच मिळतो, आणि मूळचा कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह, सेन्सर तेच राहतात. या प्रकरणात दुसऱ्या मेकॅनिकने हे काम मजुरीसकट ५२,००० रुपयांत केलं. पहिल्या अंदाजपत्रकात असा काही पर्याय असतो याचा उल्लेखही नव्हता.

आता ते बिल ओळीओळीने बघा, कारण शिकण्यासारखं तिथेच आहे.

पहिली ओळ, 'मेकॅट्रॉनिक असेंब्ली, १ नग, २,१०,०००.' याकडे शेवटी येऊ.

दुसरी ओळ, 'डीएसजी ऑइल ६ लिटर आणि फिल्टर, १४,०००.' इथेच संशय यायला हवा होता. डीक्यू२०० मध्ये गिअरसाठी सुमारे १.७ लिटर तेल लागतं आणि मेकॅट्रॉनिकसाठी वेगळं, साधारण एक लिटर. दोन्ही तेलं वेगळी, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. बदलायचा फिल्टर या गिअरबॉक्सला नसतोच. सहा लिटर आणि फिल्टर हा हिशेब सहा गिअरच्या, तेलात बुडालेल्या क्लचच्या डीएसजीचा. म्हणजे एक तर दुसऱ्याच गाडीचं बिल चिकटवलं, नाहीतर मालकाला यातलं काही कळत नाही हे ओळखलं. दोन्हीत पैसे मालकाचेच गेले.

तिसरी ओळ, 'गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे, २२,०००.' मेकॅट्रॉनिक काढायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागत नाही. बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा असं आजूबाजूचं सामान काढलं, क्लचच्या लिव्हर अवजाराने बाजूला केल्या की युनिट गाडीत असतानाच समोरून निघतं. गिअरबॉक्स उतरतो तो क्लच बदलताना. क्लच वगळला तर ही मजुरी कसली? याला 'कामाचं पॅकेज आहे' असं उत्तर मिळालं.

चौथी ओळ, 'सॉफ्टवेअर, ९,०००.' युनिटचं काम झाल्यावर स्कॅनर लावून बेसिक सेटिंग करावंच लागतं, त्याशिवाय क्लच नेमका कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला कळत नाही. पण ते याच कामाचा भाग आहे आणि त्याचा रिपोर्ट निघतो. रिपोर्ट मागितला, मिळाला नाही.

आणि पहिली ओळ. टो करून आणल्या दिवशी मालकाच्या मुलाने स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, तोही फॉल्ट कोड घरी गुगल करायला. त्या फोटोत गिअरबॉक्स कॉम्प्युटरचा पार्ट नंबर होता आणि खाली अनुक्रमांक. चार महिन्यांनी दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅन केलं तेव्हा अनुक्रमांक तोच निघाला, शेवटच्या आकड्यापर्यंत. नवं मेकॅट्रॉनिक आलं असतं तर त्याच्यासोबत कॉम्प्युटरही नवा आला असता आणि हा आकडा बदलला असता. युनिट उघडल्यावर उरलंसुरलं चित्रही स्पष्ट झालं: हाउसिंग जुनंच, अ‍ॅक्युम्युलेटरच्या तोंडाशी गेलेल्या तड्यावर वेल्डिंग मारून वरून ग्राइंडरने घासलेलं, कडेला राखाडी सीलंटचा ओघळ, आणि वेल्डिंगच्या अगदी शेजारून सुटलेला नवा तडा. पातळ अ‍ॅल्युमिनियम तापवून जोडलं की शेजारचा भाग आणखी कमकुवत होतो. ६० बारखाली ते चार महिने टिकलं, हेच पुष्कळ.

जाब विचारल्यावरची उत्तरंही ऐकून ठेवा, ती ठरलेली असतात. 'गाडीचं कोडिंग जुन्या बोर्डात असतं, म्हणून जुनाच बोर्ड नव्या युनिटमध्ये टाकला.' ठीक आहे, मग नव्या युनिटसोबत आलेला नवा बोर्ड कुठे आहे? तो दाखवा. 'जुना पार्ट कंपनीला परत पाठवावा लागतो.' वॉरंटीत फुकट बदलला असेल तर पाठवतात. पूर्ण पैसे मोजले असतील तर जुना पार्ट तुमचा. जुना देऊन नवा स्वस्तात घेतला असेल तर तसं बिलावर लिहिलेलं हवं आणि किंमतही कमी हवी. 'इलेक्ट्रिकल पार्टला गॅरंटी नसते' हे तिसरं उत्तर. तडा अ‍ॅल्युमिनियमला गेलाय, विजेचा काय संबंध?

तुमची गाडी अशी उभी राहिली तर सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढू नका आणि कुणाला कोड डिलीट करू देऊ नका. कोडसोबत किती किलोमीटरला, कोणत्या परिस्थितीत बिघाड झाला ही नोंद असते, ती पुसली की मेकॅनिकच्या तोंडी शब्दाशिवाय हाती काही उरत नाही. पूर्ण स्कॅन रिपोर्ट मागा, पीडीएफ देत नसतील तर पडद्याचे फोटो घ्या. पार्ट नंबर आणि अनुक्रमांक स्पष्ट दिसले पाहिजेत. मग पडद्यावर हायड्रॉलिक दाब चालू आकड्यात दाखवायला सांगा. इंजिन चालू, गिअर पी मध्ये, आणि दाब चढल्यावर किती वेळ टिकतो ते बघा. पंप काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा लागत असेल तर गळती किंवा अ‍ॅक्युम्युलेटरकडे बोट जातं. पंप अजिबातच लागत नसेल तर बोर्ड, फ्यूज, वायरिंग आधी तपासायचं. घरच्या घरी करण्यासारखी गोष्टही आहे: रात्रभर उभ्या गाडीचं ड्रायव्हरचं दार उघडलं की पुढून एक बारीक घुंईऽ आवाज येतो, तो हाच पंप. तो नेहमीपेक्षा लांबत चालला असेल, किंवा दार उघडूनही काहीच ऐकू येत नसेल, तर स्कॅन करून घ्या. सेकंडहँड गाडी बघायला जाताना हे विसरू नका. सध्या या गाड्या स्वस्त मिळतात त्याचं निम्मं कारण हा गिअरबॉक्सच आहे.

युनिट उघडणार असतील तर समोर उघडायला सांगा. तडा टॉर्चने डोळ्यांना दिसतो. नवं हाउसिंग डब्यातून तुमच्या देखत निघू द्या, जुनं पिशवीत घालून घरी न्या. काम झाल्यावर दुसरा स्कॅन आणि बेसिक सेटिंग पूर्ण झाल्याचा रिपोर्ट घ्या. बिलावर 'मेकॅट्रॉनिक असेंब्ली' लिहिलं असेल तर अनुक्रमांक बदललेला हवा. 'हाउसिंग बदललं' लिहिलं असेल तर तो तोच राहील, त्यात काही वावगं नाही.

क्लचचं प्रकरण वेगळं आणि तिथेही हात धुऊन घेतले जातात. मेकॅट्रॉनिक गेलं म्हणजे क्लच गेलाच असं नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गाडी थरथरते, चढावर निघताना हिसके बसतात, ही क्लचची लक्षणं. स्कॅनरमध्ये दोन्ही क्लचचे अ‍ॅडॅप्टेशनचे (कॉम्प्युटरने क्लचशी जुळवून घेतल्याचे) आकडे आणि तापमान दिसतं. ते न दाखवता 'संपलाय' म्हणत असतील तर सही करू नका. खरंच बदलायचा असेल तर एकच प्रश्न विचारा: शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) मोजायचं गेज आहे का? क्लच बसवताना रिलीज बेअरिंगखाली किती जाडीची शिम लागेल ते खास अवजाराने मोजावं लागतं. अंदाजाने बसवला की नवा कोरा क्लचही पहिल्या आठवड्यापासून थरथरतो, मग दोष 'लोकल पार्ट'वर ढकलायला सगळे मोकळे. क्लच जास्त टिकवायचा असेल तर रांगेत इंच-इंच सरकू नका, पुढे गाडीभर जागा होऊ द्या, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. कोरडा क्लच तिथेच भाजून निघतो.

फसवणूक झालीच तर आरडाओरडा करण्यात वेळ घालवू नका, ईमेल करा. या प्रकरणात मालकाने दोन्ही स्कॅन, बिलाची प्रत आणि वेल्डिंगचे फोटो जोडून वर्कशॉपला लिहिलं आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला प्रत पाठवली. फोनवर 'या, बसून बोलू' म्हणत होते तिथेही 'जे सांगायचं ते ईमेलवर' एवढंच उत्तर दिलं. दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, हे त्यात लिहिलं होतं. पंधरवड्यात १,७०,००० रुपये परत आले, 'सद्भावना म्हणून' असं लिहून. उरलेले सोडायचे की लढायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यांनी सोडले.

लढायचं असेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक पुढे कामी येतो. नंतर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. आणि २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गाडी पुण्यात बिघडली आणि तुम्ही साताऱ्याचे असाल तर खेपा साताऱ्यातच. मुदत दोन वर्षांची. पक्कं, जीएसटी क्रमांक असलेलं बिल नसेल तर मात्र सगळं अवघड होतं. 'जीएसटी वाचवू, साध्या कागदावर देतो' म्हणणाऱ्याकडे म्हणूनच गाडी टाकू नये. वाचतो तो कर, आणि जातो तो अडीच लाखांचा पुरावा.