मोठेपणी पुन्हा पियानो: तारांचा की डिजिटल?

लहानपणी सुटलेला पियानो मोठेपणी पुन्हा धरायचा, तर पहिला प्रश्न वाद्याचा. पट्ट्या दोन्हींत सहसा ८८च. पण तारांच्या पियानोत पट्टी दाबली की नमद्याचा हातोडा तारांवर आदळून लगेच मागे येतो. मधल्या सप्तकात एका स्वराला तीन-तीन तारा असतात. पट्टी फारच हळू दाबली तर हातोडा तारेपर्यंत पोचतच नाही, स्वर मुका राहतो. बोटांना वजनाची खरी समज येते ती इथे. म्हणून शिकवायला मी हाच निवडेन. विद्यार्थ्याचा हात कुठे आखडलाय, ते आवाजातच कळतं.

डिजिटलला ट्यूनिंगची कटकट नाही. नोकरी-संसार सांभाळून रात्री उशिरा सराव करायचा, तर हेडफोनला पर्यायही नाही. रचना करणाऱ्याला तर १९८३ साली आलेल्या मिडीचा (वाद्य आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या पद्धतीचा) फार आधार वाटतो: सुचलेली ओळ वाजवताच कॉम्प्युटरवर उतरते, मग डाव्या हाताचा एखादाच स्वर बदलून ती पुन्हा ऐकता येते.

नव्याने परतणाऱ्याने माझ्या मते डिजिटलच घ्यावा, पण वजनदार पट्ट्यांचाच. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर हाताला लागलेली सवय पुढे मोडता मोडत नाही. आणि अधूनमधून तारांच्या पियानोवर बसायला मिळालं, तर ती संधी अजिबात सोडू नये.