मेक्सिको सिटीहून तेओतिवाकानची डे टूर: पिरॅमिडला पाच स्टार, दुकानाला शून्य

आधीच सांगते, टूर अगदीच वाईट नाही. पण तेओतिवाकान या प्राचीन शहराच्या ज्या पिरॅमिडसाठी आपण पैसे भरतो त्याला घाईघाईत उरकतात आणि ज्या दुकानात आपल्याला जायचंच नव्हतं तिथे निवांत बसवतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हॉटेलच्या काउंटरवर पडलेली सगळीच पत्रकं साधारण हाच कार्यक्रम विकतात, सकाळी हॉटेलवरून पिकअप, ग्वादालूपेची बासिलिका (मेरीमातेचं मोठं चर्च), मग 'हस्तकला केंद्र', मग पिरॅमिड, बुफे आणि परत.

आम्ही तिथे होतो स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लावून घ्यायला. नवऱ्याचं एच-वन (नोकरीचा व्हिसा), माझं एच-फोर (त्याच्या जोडीदाराचा). इंटरव्ह्यू बरा झाला असं वाटलं तेवढ्यात पासपोर्ट ठेवून घेतले आणि हातात २२१-जीची चिठ्ठी, म्हणजे व्हिसा तूर्त अडकला, तपासणी बाकी. साइटवर स्टेटस बघावं तर सरळ 'रिफ्यूज्ड', आणि पेपर तपासणी चालू असली तरी तसंच दिसतं हे माहीत असूनही नवरा दर अर्ध्या तासाने फोन काढून तेच बघणार. लेकाचा पासपोर्ट अमेरिकन, सासूबाईंचा व्हिजिटर व्हिसा अजून कितीतरी वर्षं चालणारा, म्हणजे चौघांत तेच दोघं मोकळे आणि ज्यांच्या कामासाठी आलो ते आम्ही लटकलेले. (सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने आपल्या देशात नाहीतर राहत्या देशातच व्हिसाचा अर्ज करा म्हणून सांगितलंय, त्यामुळे मेक्सिकोला जाऊन स्टॅम्पिंग करायचा तो जमाना आता संपल्यातच जमा. आमचं त्याच्या आधीचं.) पासपोर्ट हातात नाही म्हटल्यावर कॅनकूनच्या समुद्रकिनाऱ्याचं विमान वगैरे विषयच नाही, सकाळी जाऊन रात्री परत येता येईल तेवढंच फिरायचं. शिवाय हॉटेलात बसलं की चौघंही एकमेकांवर वसकन ओरडत होतो. म्हणून ही टूर.

बासिलिका मात्र मस्त झाली. जुनं चर्च तळ्याच्या गाळावर बांधलेलं, जमीन खचून खचून चक्क कललंय, म्हणून शेजारी १९७६ मध्ये नवं गोल बांधलं. आत ग्वादालूपेच्या मातेचं चित्र उंचावर लावलंय आणि त्याच्या खालून सरकते पट्टे, एअरपोर्टला असतात तसे. त्याच्यावर उभं राहायचं, मान वर करून दर्शन घ्यायचं, पट्टा आपोआप पुढे नेतो, ढकलाढकली नाही की कोणी 'चला चला' करून खांद्याला धरून पुढे लोटत नाही. सासूबाई लागोपाठ परत परत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पंढरपुरात असं काहीतरी करायला काय हरकत आहे?" गाइड इथे छान बोलला, घाई केली नाही. टूरचा हा भाग पैसे वसूल.

मग दुकान. सुरुवात बरी असते. अंगणात 'मागेय' नावाचं झाड, आपल्या घायपातासारखं. तिथला माणूस पानाच्या टोकाचा काटा असा अलगद सोलतो की काट्याला लागून पानातले धागे निघतात, म्हणजे सुई-दोरा एकदम तयार. लेक तर आ वासून बघत होता. मग पानाचा पातळ पापुद्रा काढून त्याच्यावर लिहून दाखवलं, मग त्याच झाडाच्या रसाची आंबवलेली पुल्के, मग मेस्काल या कडक दारूचे छोटे ग्लास, आणि मग अर्थातच आत. आत गेलात की बाहेर यायचा रस्ता सगळ्या कपाटांच्या मधून. ऑब्सिडियनचे काळे मुखवटे, कासवं, पेपरवेट, चांदी. खरं म्हणजे ऑब्सिडियन हा विषयच भारी आहे, ज्वालामुखीची काच, पाचुका बाजूची हिरवट झाक असलेली, तेव्हाच्या तिथल्या लोकांकडे लोखंड नव्हतंच तर सुऱ्या, भाल्यांची टोकं सगळं ह्याचंच, तेओतिवाकान त्याच्या व्यापारावर पोसलेलं. हे मला नंतर मानवशास्त्र संग्रहालयात कळलं. इथे फक्त "आज स्पेशल डिस्काउंट". तासाच्या वर मोडला, नवऱ्याने तेवढ्यात चारदा स्टेटस बघितलं.

त्यामुळे पिरॅमिडला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. शहरापासून जेमतेम ५० किमी, पण २२००-२३०० मीटरची उंची, सावली नावाला नाही, त्यात सासूबाईंचे गुडघे. सूर्याचा पिरॅमिड साधारण ६५ मीटर उंच, फोटोत कळत नाही, पायथ्याशी उभं राहिलं की कळतं. पत्रकावर लोक वर चढून हात पसरून उभे आहेत असा फोटो, प्रत्यक्षात आम्ही गेलो तेव्हा चढायला बंदी, ती कोविडपासूनच होती, मग फोटो का बदलत नाही? मेलेल्यांचा रस्ता म्हणतात तो दोन किमीच्या वर लांब आहे, आणि गाइडने आम्हाला त्याच्या एका टोकाला सोडून "दीड तासात बसपाशी" एवढं सांगितलं. पंख असलेल्या सापाचं देऊळ दुसऱ्या टोकाला, ते राहिलंच. तिथेच २००३ मध्ये पावसाने जमीन खचून भोक पडलं आणि खाली भुयार सापडलं, पुढे त्यात पारासुद्धा निघाला. लेकाला हे सगळं व्हिडिओ बघून पाठ, त्यामुळे त्याचा चेहरा काय झाला असेल विचारू नका. समजूत म्हणून जॅग्वारच्या डरकाळीची शिट्टी घेऊन दिली, रस्ताभर विक्रेते वाजवत असतात, ती घेऊ नका, हॉटेलच्या खोलीत ती फार मोठ्याने वाजते.

बुफेत शाकाहारी लोकांनी जपून. राजमा दिसतो निरागस पण बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही, 'सिन मान्तेका' (चरबी नको) पण विचारायचं. आम्ही शेवटी भोपळ्याच्या फुलांची केसादिया (मक्याची भरलेली पोळी) आणि निवडुंगाची भाजी खाल्ली. तव्यापाशी बसलेल्या बाईंशी सासूबाईंची जमली, भाषा शून्य, तरी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात हे त्या विचारून आल्या. कसं विचारलं कोण जाणे.

तर घ्यावी का टूर? वयस्कर माणूस बरोबर असेल आणि बासिलिकाही करायची असेल तर घ्या, पण बुक करताना दुकान वगळता येतं का ते लेखी विचारा. नाहीतर मेट्रो पकडून ५ पेसोत आउतोबुसेस देल नोर्ते स्टेशनला उतरा, समोरच बसस्थानक आहे, तिथून 'पिरामिदेस' लिहिलेली बस मिळते, तासाभरात पोचवते. सकाळी लवकर जा, टोपी, पाणी, आणि पासपोर्ट कॉन्सुलेटकडे असेल तर त्याची झेरॉक्स आणि ड्रायव्हिंग लायसन्स.

आणि दुकानात घालवायचा तो वेळ मध्य शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत घालवा. तिथल्या भिंतींवर प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराची चित्रं आहेत आणि त्यातल्या एकात टेबलाशी पाव मोडत बसलेले गृहस्थ आहेत आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, स्वातंत्र्यासाठी परदेशातून लढणाऱ्या गदर चळवळीतले, नंतर इथे चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्यावर काम केलेले. नवऱ्याने त्या दिवशी फोन खिशातून काढला तो फक्त फोटोसाठी.

टूरला एकूण पाचपैकी अडीच, त्यातले दीड बासिलिकाचे.