पद्मिनीच्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर वापरून बघितलं, 4/5

वडिलांची 1982 ची प्रीमियर पद्मिनी गाडी लातूरला घरच्या पत्र्याच्या शेडमधी उघडून ठेवलीय, डेंटिंग-पेंटिंगला द्यायच्या आधी जमंल तेवढं आपणच करायचं म्हणून. फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हंजे गंजावर फासायचं द्रावण, आणलं अन् खरं सांगतो, लई कामाचं निघालं. पण आधी ग्राइंडरला वायर ब्रश लावून सुटा गंज, पोपडे काढावेच लागतात, नुसतं वरून फासलं तर खालचा गंज तसाच राहतो. पायाखालचा पत्रा, मडगार्डची आतली कड, डिकीत स्टेपनीची जागा, हितंच सगळा गंज, मॅटिंगखाली ओल धरती ना! लावलं की लाल गंज काळा पडतो, तो लोहाचा फॉस्फेट थर. भोक पडलेल्या पत्र्याला ह्याचा उपयोग नाही, तिथं कापून नवा पत्रा वेल्ड करा, पुटीनं झाकू नका भाऊ. आपल्याकडच्या मे महिन्यात भरदुपारी तर अजिबात लावू नका, तापल्या पत्र्यावर ते गंजावर परिणाम करायच्या आधीच वाळतं, मी सकाळी सातलाच लावायचो. हातमोजे, चष्मा पाहिजेच. उरलेलं ॲसिड पुसून, पूर्ण सुकवून मगच प्राइमर. एक स्टार कापला कारण डब्यावर मराठीत एक ओळ नाही.