लॅप बॉक्स ट्रेनर: सरावाला मस्त, स्कोअरवर विसंबू नका

सर्जरी शिकणाऱ्या रेसिडेंट्ससाठी घेतलेला बॉक्स ट्रेनर, म्हणजे लॅपरोस्कोपी (दुर्बिणीच्या ऑपरेशन)च्या सरावाचा डबा, सोबत स्कोअर देणारं ॲप. पेग ट्रान्सफर एकदम भारी जमलंय, 6 ठोकळे कमी सवयीच्या हाताने उचलायचे, हवेतच दुसऱ्या ग्रास्परकडे (लांब चिमट्याकडे) द्यायचे, पलीकडच्या पेगवर (खुंटीवर) ठेवायचे आणि मग सगळं उलटं, एफएलएस या लॅपरोस्कोपीच्या कौशल्य परीक्षेसारखाच 300 सेकंदांचा टायमर. हात डावीकडे नेला की आत इन्स्ट्रुमेंटचं टोक उजवीकडे जातं, हे अंगवळणी पडायला डबा पुरेसा आहे.

तक्रार स्कोअरची. ॲप फक्त वेळ आणि टोकाने किती अंतर कापलं ते मोजतं. आमच्या एका रेसिडेंटने टाका घालताना धागा असा ओढला की पेनरोज ड्रेन (सरावासाठी टिश्यूच्या जागी लावलेली मऊ रबरी नळी) ब्लॉकवरून उपटूनच आला, तरी स्कोअर हिरवा!! एफएलएसमध्ये याला सरळ शून्य मिळतं. अहो, टिश्यू असा ओढला तर पेशंटचं काय होईल?

म्हणून आम्ही व्हिडिओ बघून ओसॅट्सची (सर्जरीचं कौशल्य तपासायच्या पद्धतीची) रेटिंग शीट भरतो, टोरांटोत 1990च्या दशकात तयार झालेली, टिश्यू किती जपून हाताळला, फालतू हालचाली किती, इन्स्ट्रुमेंट कसं धरलं वगैरे 7 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5. व्हिडिओवर नाव नसतं, दोन सीनियर स्वतंत्रपणे मार्क देतात, त्यामुळे ओळखीचा फायदा कोणालाच नाही आणि पोरांना नेमकं कुठे चुकतंय तेही कळतं.

व्हिडिओ एक्सपोर्ट एका क्लिकमध्ये होतं, त्याचा एक स्टार जास्त. नीडल होल्डरचं (सुई धरायच्या इन्स्ट्रुमेंटचं) लॉक मात्र लवकर सैल पडतं, तो वेगळा चांगला घ्या.